दवाखान्यात गेलं की दिवस बुडतो: सोलापूरच्या आरोग्याचं गणित कुणी कुणी मिळून मांडायचं?

पूर्वभागकर | सोमवार, रात्री १०.४०

सोलापूरच्या पूर्व भागात माझं औषधाचं दुकान आहे. दुकानातली कात्री सगळ्यात जास्त चालते ती रक्तदाबाच्या गोळ्यांवर. दहाची अख्खी पट्टी नेणारं गिऱ्हाईक कमीच. "ताई, तीन द्या." "सहा द्या, शनिवारी पगार झाला की बाकीच्या नेतो." पट्टी कापताना मुदतीची तारीख दुकानात उरणाऱ्या तुकड्यावर ठेवावी लागते, त्यामुळं नेणाऱ्याच्या हातात तारीख नसलेला तुकडा जातो. मी कागदाच्या पुडीवर पेनानं तारीख लिहून देते. दिवसाला अशा तीस-चाळीस पुड्या होतात.

हीच गोळी महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते. मी स्वतः सगळ्यांना सांगते, माझी विक्री गेली तरी चालेल. गेल्या आठवड्यात बिडी वळणाऱ्या एका बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "फुकट कुठं हो ताई? दिवस जातो की."

मग त्यांनी हिशेब सांगितला. हजार बिड्या वळल्या तर पूर्ण मजुरी. सकाळी आदल्या दिवशीचा माल घेऊन कारखान्यात जायचं. तिथं खराब बिड्यांची छाट काढून, मोजून घेतात. मग नवीन पानं आणि तंबाखू घेऊन घरी. पानं भिजवायची, कापायची, आणि सूप मांडीवर घेतलं की दिवे लागेपर्यंत मान वर नाही. दवाखान्याची वेळ आणि माल द्यायची वेळ एकच. दवाखान्यात गेलं तर माल पोचत नाही, आणि माल पोचला नाही तर उद्याची पानं मिळत नाहीत. त्यात एका फेरीत काम होत नाही. पहिल्या दिवशी केसपेपर आणि तपासणी, दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट, तिसऱ्या फेरीला गोळ्या. त्यापेक्षा माझ्याकडच्या तीन गोळ्या त्यांना स्वस्त पडतात. त्यांचं गणित बरोबर होतं, माझाच सल्ला अपुरा होता.

आता आईचं सांगते. आईनं एकतीस वर्षं बिड्या वळल्या. आम्ही घरी तेलुगू बोलतो. नंतर नंतर तिला चार पायऱ्या चढल्या की 'आयासम' व्हायचं. आमच्याकडं धाप लागण्याला तो शब्द आहे. डॉक्टरांना मराठीत सांगताना तोच शब्द जरा वळवून ती म्हणायची, "लई आयास होतंय." डॉक्टरांनी अशक्तपणा लिहिला. टॉनिक, लोहाच्या गोळ्या, आठ महिने. पुढं दुसऱ्या ठिकाणी दाखवलं तेव्हा फुप्फुसाचा जुना आजार निघाला. ते पहिले डॉक्टर निष्काळजी नव्हते, गर्दीतही त्यांनी तिला नीट तपासलं होतं. त्या खोलीत एका शब्दाचा अर्थ सांगणारं माणूस नव्हतं.

मला असं वाटतं की आपल्याकडं आजार बनतो नळावर, मागाच्या शेडमध्ये, मजुरीच्या पद्धतीत, भाषेत. आणि रांग लागते फक्त डॉक्टरच्या दारात. इथं पाण्यातले, मागावरचे, हिशेबातले, दवाखान्यातले लोक आहेत हे मला माहीत आहे. आपापल्या कामाच्या बाजूनं लिहाल का? उपदेश नको. तुम्ही रोज काय बघता ते लिहा.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.५५

ताई, मी सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो, आता जिल्ह्यातच आहे. तुमच्या आईंचं वाचून थांबलो. सकाळच्या ओपीडीत एका माणसाला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात मी 'काय होतंय' विचारतो. 'काय काम करता' हे विचारायचं राहून जातं. बिडी वळते म्हटलं असतं तर तंबाखूची धूळ डोक्यात आली असती, छाती वेगळ्या कानानं ऐकली असती. केसपेपरवर नाव, वय, पत्ता असतो. धंद्याचा रकाना असला तरी त्यात 'घरकाम' लिहिलेलं असतं, कारण घरी बसून बिडी वळणारी बाई स्वतःच 'घरीच असते' म्हणून सांगते.

बाकीचं सवडीनं लिहितो.

---

कन्नडमराठी | मंगळवार, सकाळी ७.१०

अक्कलकोटकडचा आहे, शाळेत शिकवतो. पूर्वभागकर ताई, तुम्ही सांगितलेल्या शब्दात अजून एक गुंता आहे. आमच्या कन्नडमध्ये 'आयास' म्हणजे नुसता थकवा. म्हणजे त्या डॉक्टरांच्या ओपीडीत आदल्या तासाला आमच्या गावची बाई 'आयास' म्हणून गेली असेल तर तिच्यासाठी अशक्तपणा हाच अर्थ बरोबर होता. त्याच रांगेत, त्याच शब्दानं, तुमच्या आई धाप लागते म्हणून सांगत होत्या.

दुसरं उदाहरण. तेलुगूत चक्कर येण्याला 'कळ्ळु तिरगडम' म्हणतात, शब्दशः डोळे फिरणं. माझ्या शेजारच्या काकूंना त्यांच्या नातवानं मराठी करून सांगितलं, "आजीचे डोळे फिरतात." त्यांना डोळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथून परत. त्यांचा रक्तदाब वाढलेला होता. नातू दहा वर्षांचा, त्याचा काय दोष?

मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, चार भाषांत रोजच्या दुखण्याचे पन्नास-साठ शब्द एका तक्त्यावर लिहून प्रत्येक ओपीडीत लावायला किती खर्च येईल? एवढं काम भाषेचे शिक्षक करू शकतात. मी करायला तयार आहे. शब्द मात्र बायकांकडून गोळा करायला हवेत, शब्दकोशातून नकोत.

---

धोटा | मंगळवार, दुपारी १.२०

माझे आठ यंत्रमाग आहेत, टॉवेल काढतो. मालक म्हणून मला दोष येणार हे धरूनच लिहितो.

शेडमध्ये खिडक्या बंद का ठेवतात? सुती धाग्याला दमट हवा लागते. हवा कोरडी झाली की ताण्याचे, म्हणजे उभे धागे तटातटा तुटतात, माग थांबतो, आणि माग थांबला की कामगाराची मजुरीही थांबते कारण ती मीटरवर किंवा नगावर असते. म्हणून खिडकी मी बंद करत नाही, कामगारच करतो. आता एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ च्या पुढं जातो, वर पत्रा, आत बंद दमट हवा. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. बारा तासांची पाळी. माणूस पाणी कमी पितो, कारण लघवीला गेलं तर मागाकडं बघणार कोण?

आवाजाचं तर बोलूच नका. आमच्या शेडमध्ये माणसं खुणांनी बोलतात. माझ्या वडिलांना साठीच्या आत ऐकू येईनासं झालं. घरात सगळ्यांना वाटायचं ते चिडतात म्हणून मोठ्यानं बोलतात.

एक करून बघितलं ते सांगतो. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात दिला. दुपारी आत फरक कळतो, हात लावून कळतो. आणि मागावरची धूळ पूर्वी हवेच्या पाइपनं उडवायचो, ती सगळी नाकात जायची. आता ओल्या फडक्यानं पुसतो. वेळ जास्त लागतो. कान झाकायची बोंडं आणली होती, कामगारांनी आठवड्यात काढून ठेवली. मागाचा आवाज बदलला की धागा तुटल्याचं त्यांना कळतं, तो आवाजच बंद झाला तर काम कसं करणार? इथं डॉक्टर आणि टेक्स्टाइलवाले मिळून काही सुचवत असतील तर मी माझी शेड द्यायला तयार आहे.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २.४५

धोटा, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि पुढच्या दिवसांत कमी होते असं कुणी सांगतं का? कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराची ती जुनी खूण आहे. सूतगिरणीत, पिंजण्याच्या खात्यात जास्त असते, विणकामात त्या मानानं कमी. पण विचारल्याशिवाय कळत नाही, आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कुणी दवाखान्यात येत नाही. बोंडांबद्दल: आवाज पूर्ण बंद न करता सगळे स्वर सारखे कमी करणारी बोंडं मिळतात. महाग असतात हे खरं.

---

पाणीवाला_काका | मंगळवार, रात्री ९.३०

पाणीपुरवठ्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. मला डेंग्यूबद्दल लिहायचं आहे, कारण दर पावसाळ्यात आरोग्य खातं आणि पाणी खातं एकमेकांकडं बोट दाखवतात आणि मी दोन्ही बाजूंच्या बैठका पाहिल्या आहेत.

शहराला पाणी येतं उजनी धरणातून, शंभर किलोमीटरच्या वर जलवाहिनी, शिवाय भीमेवरचं टाकळी आणि हिप्परगा तलाव. कित्येक वर्षं शहरात नळ चार-पाच दिवसांआड. म्हणजे प्रत्येक घरात बॅरल, हौद, पिंप, कळशा. डेंग्यूचा एडिस डास घाण गटारात वाढत नाही, त्याला हेच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. आरोग्य खातं म्हणतं, आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करा, घासा, कोरडा दिवस पाळा. शास्त्र म्हणून अगदी बरोबर. घासा हे जास्त महत्त्वाचं, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. पाणी ओतून दिलं आणि घासलं नाही तर पुढच्या पाण्यात ती जिवंत होतात.

आता पाण्याच्या बाजूनं बघा. नळ पाच दिवसांआड येतो, म्हणजे आठ दिवसांच्या आत एकदा तरी भांडं रिकामं व्हायची संधी आहे. मग होत का नाही? कारण नळ कधी येणार ते माहीत नाही. सकाळी सहा म्हणतात, रात्री अडीचला येतो. कधी सहावा दिवस उजाडतो. ज्या बाईला नळाचा भरवसा नाही ती बॅरलमधलं शेवटचं एक फूट पाणी फेकणार नाही. तुम्हीही फेकणार नाही, मीही नाही. त्या एक फुटावर नवीन पाणी चढतं आणि अंडी-अळ्यांचं चक्र मोडतच नाही. नळ अडीचला आला तर झोपेतून उठून भरायचं की बॅरल घासायचं?

माझ्या मते डेंग्यूला आवर घालायचा पहिला उपाय फवारणी नव्हे. पाणी रोज येईल तेव्हा येईल, त्याला जलवाहिन्या, पंप, टाक्या, पैसा सगळं लागतं. पण पाच दिवसांआड का होईना, ठरल्या तासाला आणायला नवीन धरण लागत नाही. त्याला व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाचं वेळापत्रक, टाकीची पातळी, विजेचा खोळंबा याची माहिती एका जागी लागते, आणि बदल झाला तर गल्लीत आधी कळवावं लागतं. वेळ पक्की असेल तर नळ यायच्या दोन तास आधी बायका बॅरल आडवं करून घासतील. गॅस्ट्रोचंही तसंच. वाहिनी रिकामी पडली की तिच्यात उलटी ओढ तयार होते, गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत येतं, आणि लोकांनी नळाला थेट मोटार लावली की ती ओढ अजून वाढते. पहिली पाच-सात मिनिटं पाणी जाऊ द्यायला सांगतो आम्ही. पण ज्यांना एकूण चाळीस मिनिटंच पाणी येतं ते कसं जाऊ देतील?

कुठल्या गल्लीत ताप वाढला हे आरोग्य खात्याच्या वहीत असतं. कुठला व्हॉल्व्ह किती वाजता सुटला हे आमच्या वहीत. दोन्ही वह्या शेजारी ठेवून मी एकदाच पाहिल्या, त्याही माझ्या हौसेनं. एकाच भागात ताप आणि वेळापत्रकाचा घोळ जुळत होता. ते कुणाला दाखवायचं, त्यासाठी खुर्चीच नव्हती.

---

गल्ली_नंबर_चार | बुधवार, दुपारी १२.०५

काका, मी आशा सेविका आहे, शहरातली. तुम्ही लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आम्ही घरोघरी जाऊन झाकणं उघडतो, टॉर्च मारतो, अळ्या दिसल्या तर औषधाचे थेंब टाकतो. बायका म्हणतात, पाणी फेकायला सांगू नका, दुसरं काहीही सांगा. आम्हाला अळ्या किती घरांत सापडल्या ते लिहायचं असतं, नळ कधी आला ते लिहायला जागा नाही. मी माझ्या वहीत समासात लिहिते.

अजून एक. आम्ही कुणाला दवाखान्यात नेलं तर ते नोंदवतो. कोण आलं नाही आणि का आलं नाही हे कुणीच विचारत नाही. मी विचारते. 'माल द्यायचा होता', 'पाणी यायचं होतं', 'मालकानं खाडा लावला असता', 'मागच्या वेळी ओरडले'. ही चार उत्तरं. पैसे नाहीत असं सांगणारे त्यामानानं थोडे.

---

स्पष्ट_बोलतो | बुधवार, संध्याकाळी ६.१५

सगळ्यांच्या भावना समजल्या. पण समिती, समन्वय, एकत्र बैठक यानं आजवर कुणाचा जीव वाचला? माझ्या भावाला रात्री झटका आला तेव्हा आयसीयूत खाट मिळायला तीन ठिकाणी फिरलो. खाटा वाढवा, तज्ज्ञ डॉक्टर भरा, तालुक्याला यंत्रं द्या. मूलभूत गोष्ट ती आहे. चुना आणि तक्ते नंतर.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११.३०

स्पष्ट_बोलतो, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. खाटा हव्यातच, त्यावर माझं दुमत नाही. रिक्त पदं भरलीच पाहिजेत. पण मी रात्रपाळीला जे झटके घेतले त्यातले बरेचसे अशा माणसांचे होते ज्यांना रक्तदाब आहे हे माहीत होतं आणि गोळ्या मधेच सुटल्या होत्या. ताईंच्या कात्रीचा तुकडा संपला आणि शनिवारचा पगार झाला नाही, एवढंच कारण. म्हणजे आयसीयूची खाट अडते ती तिथं. दोन वेगळे प्रश्न नाहीत.

आपल्या योजनांचा आकार बघा. जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यात सोलापूर होतं. २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नावानं आहे, आधी दीड लाखाचं संरक्षण होतं, २०२३ मध्ये ते पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. कित्येक घरं त्या योजनेनं वाचली, मी पाहिली आहेत. पण ती मुळात दाखल झाल्यावरच्या उपचारांची योजना आहे. मूत्रपिंड गेलं की डायलिसिस मिळतं. मूत्रपिंड जाऊ नये म्हणून लागणारी गोळी आणायला जो दिवस बुडतो, तो कुठल्याच योजनेत नाही. आणि डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास, बरोबर घरचं एक माणूस. एका घरातले दोन रोजगार जातात.

क्षयाचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला तांदूळ-डाळीचा शिधा दिला. शिधा मिळालेल्या घरांत नव्यानं होणारा क्षय साधारण ४० टक्क्यांनी कमी झाला, फुप्फुसाचा, खोकल्यातून पसरणारा तर जवळपास निम्म्यानं. शिधा! नवीन औषध नाही. आपल्याकडं क्षयरुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. पण ते रुग्णाला. घरच्यांच्या ताटाचा विचार डॉक्टर करणार की पुरवठा खातं?

आणि हे आपल्यापासून लांबचं नाही. जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्यानं १९७० मध्ये काम सुरू केलं तेव्हा लोकांनी आधी पाणी आणि खाणं मागितलं. त्यांनी विहिरी-बोअर, शेती, बायकांची मंडळं यांतूनच आरोग्याचं काम उभं केलं, आणि गावातल्या न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. जामखेड आपल्या जिल्ह्याला लागूनच आहे, करमाळ्याच्या पलीकडं. गाडी काढून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

---

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी १०.००

मी कारखान्यांचे हिशेब लिहितो. या धाग्यात 'बुडालेला दिवस' हा शब्द परत परत येतोय म्हणून लिहितो. त्या दिवसाची भरपाई देणारी एक व्यवस्था आपल्याकडं १९४८ पासून कायद्यात आहे, कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय. लोक तिला फक्त दवाखाना समजतात. दहा किंवा जास्त कामगार असतील तिथं, महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना लागू. मालक ३.२५ टक्के, कामगार ०.७५ टक्के भरतो. आजारपणात डॉक्टरचा दाखला असेल तर मजुरीच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. उपचार वेगळे. म्हणजे दवाखान्याचं बिल आणि बुडालेला दिवस, दोन्हींचा विचार त्या कायद्यानं केला होता.

सोलापुरात गिरण्या होत्या तेव्हा हजारो लोक या छत्रीखाली होते. गिरण्या बंद पडल्या, तीच माणसं मागांवर गेली, आणि माग छोटे-छोटे. कुठं खरंच सहा कामगार, कुठं एकाच छपराखाली घरातल्या तिघांच्या नावावर तीन कारखाने. दहाचा आकडा कागदावर भरत नाही. मी असे कागद पाहिले आहेत, आणि मला त्याचं वाईट वाटतं. बिडीचं वेगळं. १९७६ च्या कायद्यानं बिडी कामगारांसाठी कल्याण निधी होता, त्यातून दवाखाने, घरं, मुलांच्या शिष्यवृत्त्या. तो बिडीवरच्या उपकरातून भरायचा. जीएसटी आला आणि तो उपकर गेला.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत दहापेक्षा कमी कामगार असले तरी मालक आणि बहुसंख्य कामगार दोघं राजी असतील तर सामील होण्याची सोय आहे. धोटा, तुमचे कामगार किती?

---

धोटा | गुरुवार, दुपारी १.४०

सात. मला ही सोय माहीत नव्हती. मीटरवर मजुरी असली तर महिन्याचा पगार कसा दाखवायचा ते सांगा, मी कामगारांना विचारतो. ते ०.७५ ला तयार होतील असं वाटतं, पण त्यांचा एकच प्रश्न असेल: दाखला आणायला परत दिवस घालवावा लागणार का?

---

हुरडा | गुरुवार, रात्री १०.२०

मूळ सोलापूरचा, सध्या पुण्यात कारखान्यात औद्योगिक अभियंता. कामाचा वेळ मोजणं हेच माझं काम. सुट्टीत वडिलांना घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो, तेव्हा सवयीनं घड्याळ लावून बघितलं. पाच तास गेले. त्यातले डॉक्टरसमोर चार मिनिटं, रक्त द्यायला दोन, गोळ्या घ्यायला तीन. उरलेला सगळा वेळ रांगेत किंवा रांग कुठली ते शोधण्यात.

कारखान्यात असं दिसलं तर आम्ही माणसं वाढवायच्या आधी अडलेली जागा शोधतो. तिथं ती रक्ताची खिडकी होती. ती अकराला बंद. केसपेपर आठला सुरू, डॉक्टर साडेनऊला, त्यांनी तपासून चिठ्ठी देईपर्यंत पावणेअकरा, मग चिठ्ठी मिळालेले सगळे एकदम रक्ताकडं धावतात. निम्मे उद्यावर जातात. म्हणजे ताईंनी सांगितलेली दुसरी फेरी त्या अकराच्या आकड्यानं तयार केली. साखर आणि रक्तदाबाचे जुने रुग्ण आल्या आल्या आधी रक्ताकडं पाठवले, नंतर डॉक्टरकडं, तर बऱ्याच जणांची एक फेरी वाचेल. खिडक्या तीन असल्या तरी रांग एकच ठेवायची आणि जी खिडकी मोकळी होईल तिथं पुढचा माणूस. सरासरी वेळ सोडा, पण संथ खिडकीपुढं अडकून कुणा एकाचं नशीब फुटत नाही. आणि स्थिर असलेल्या रुग्णाला दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम.

यातलं काहीच शोध लावण्यासारखं नाही. धोटासारखा मागवाला हे माझ्यापेक्षा चांगलं सांगेल, मागावरची धाग्याची कांडी संपायच्या आधी दुसरी भरलेली हाताशी हवी हे त्याला शिकवावं लागत नाही.

---

कन्नडमराठी | शुक्रवार, सकाळी ६.५०

बैठकींबद्दल स्पष्ट_बोलतो यांना एक सांगायचं होतं. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं येतात. तेव्हा आपल्याच जिल्ह्यात पाणी, आरोग्य, पोलीस, एसटी, नगरपालिका, महसूल सगळे रोज एकत्र बसतात. टँकर भरला की त्यात क्लोरीन आहे का ते तपासतात, कुठल्या मठाजवळ जुलाबाचे रुग्ण वाढले ते त्याच संध्याकाळी पाण्याच्या माणसाला कळतं. काका म्हणतात त्या दोन वह्या तेव्हा एका टेबलावर असतात. म्हणजे जमतं. पूर्व भागातल्या बायकांसाठी महिन्यातून एक दिवस जमवायला काय हरकत आहे?

---

स्पष्ट_बोलतो | शुक्रवार, सकाळी ९.३०

हे पटलं. वारीत स्वयंसेवक म्हणून मी पाहिलं आहे. माझ्या भावाच्याही गोळ्या सुटल्या होत्या, ते मी वर लिहिलं नाही. तो मागावर आहे.

---

पूर्वभागकर | शुक्रवार, रात्री १०.१५

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मला आता दिसतंय की आपण सगळे एकाच गोष्टीला आलो आहोत, माणसाच्या वेळेला. नळाची वेळ, मालाची वेळ, रक्ताच्या खिडकीची वेळ, पाळीची वेळ. या चारही कुणीतरी वेगवेगळ्या ऑफिसात ठरवल्या आहेत आणि त्या एकाच बाईच्या सकाळी येऊन पडतात. म्हणून आधी तेवढंच मांडू या. एका गल्लीचा एक आठवडा, कुठली वेळ कशावर आदळते तो तक्ता. मग तो घेऊन महापालिकेच्या आरोग्य विभागात आणि पाणी विभागात जाऊ. मागणी एवढीच: आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळची ओपीडी, जुन्या रुग्णांना दोन महिन्यांच्या गोळ्या, नळाची पक्की वेळ. चार भाषांचा तक्ता आपण करून नेऊ.

रविवारी सकाळी ११ ला माझ्या दुकानावरच्या खोलीत बसू या का?

---

गल्ली_नंबर_चार | शुक्रवार, रात्री १०.३२

ताई, रविवारी आमच्याकडं पाण्याची पाळी आहे. कधी येईल सांगता येत नाही. बायका घर सोडणार नाहीत, मलाही जमणार नाही.

---

पाणीवाला_काका | शुक्रवार, रात्री १०.४०

सोमवारी ठेवा. रविवारी तुमच्या झोनला व्हॉल्व्ह किती वाजता सुटतो ते मी उभं राहून लिहून आणतो.

---

धोटा | शुक्रवार, रात्री १०.५५

सोमवारी रात्री पाळी बदलल्यावर, साडेआठनंतर. दोन कामगार येतील म्हणाले.

---

पूर्वभागकर | शुक्रवार, रात्री ११.०५

सोमवार, रात्री पावणेनऊ. दुकान तेव्हा बंद करेन. 'दिवस जातो की' म्हणालेल्या बाई येणार आहेत. त्या तेलुगूत बोलतील, मी शेजारी बसून मराठीत सांगेन. हुरडा, तुम्ही व्हिडिओ कॉलवर या, रांगेचं तुम्हीच समजावून सांगा. हिशेबनीस, मीटरच्या मजुरीचं उत्तर घेऊन या.

---

गल्ली_नंबर_चार | शुक्रवार, रात्री ११.२०

सोमवारी येते. समासाची वही आणते. गेल्या सहा महिन्यांत कोण दवाखान्यात गेलं आणि त्या दिवशी किती बिड्या कमी भरल्या, तेही लिहिलंय त्यात.